तारापूरचे म्हातारे संच: त्यांचा निसर्गावरचा भार कमी कसा होणार?

गंगापूररोडकर
एकलहऱ्याच्या कोळशाच्या वीज केंद्राच्या धाग्यावर गाडी घसरून तारापूरच्या अणुकेंद्रावर पोचली, म्हणून हा वेगळा धागा काढतोय. तिकडची भांडणं तिकडेच ठेवा, ही हात जोडून विनंती.

आधी अंतर सांगतो. नाशिकपासून सरळ रेषेत तारापूर सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे आणि गुजरातचं काक्रापार अणुकेंद्र दीडशेच्या आत. आणीबाणीच्या नियोजनाचा घेर १६ किलोमीटरचा असतो, म्हणजे आपण त्यात येत नाही. तेव्हा "स्फोट झाला तर काय" हा माझा विषय नाही. त्यावर गल्लीगल्लीत तज्ज्ञ आहेत.

माझा विषय म्हातारपणाचा. तारापूरचे पहिले दोन संच २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागले. बनावट अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकची, उकळत्या पाण्याची अणुभट्टी. मूळ क्षमता प्रत्येकी २१० मेगावॅट. पुढे दुय्यम बाष्पजनित्रांच्या नळ्या गळायला लागल्या आणि क्षमता १६० वर आणली. जगात इतक्या जुन्या अणुभट्ट्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्यात. २०२० पासून हे दोन्ही संच बंद ठेवून आतली मुख्य पाइपलाइन बदलायचं काम हाती घेतलं गेलं. तिथलेच ३ आणि ४ नंबरचे ५४० मेगावॅटचे संच वेगळे, ते नंतरचे आणि जड पाण्याचे. त्यांची इथे सरमिसळ नको.

चर्चा नेहमी "चालू ठेवा" आणि "बंद करा" या दोन घोषणांमध्ये अडकते. मला वाटतं खरा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. जुनं केंद्र चालू असताना, दुरुस्तीला काढल्यावर आणि कायमचं बंद केल्यावर त्यातून बाहेर काय पडतं, कुठे जातं आणि ते कमी करता येतं का? कार्बनच्या बाजूने पाहिलं तर जुना संच चालवणं फायद्याचंच दिसतं. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-बदल समितीच्या) २०१४ च्या अहवालात खाणीपासून मोडीपर्यंतचा हिशेब धरून अणुवीज युनिटमागे १२ ग्रॅम आणि कोळसा ८२० ग्रॅम असा मध्य आकडा आहे. पण निसर्ग म्हणजे फक्त कार्बन नव्हे.

जाणकारांनी लिहा. बाकीच्यांनी वाचा.

पंचवटी_एक्सप्रेस
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. संध्याकाळपर्यंत धाग्याचं काश्मीर होणार.

सामनगाव_नाका
माझी हयात एकलहऱ्यात गेली, अणूतलं मला फारसं कळत नाही. पण म्हातारा संच कसा असतो ते कळतं. आमचे पहिले दोन संच निकालात निघाले तेव्हा वीज थांबली, राख थांबली नाही. म्हणजे नवी राख यायची थांबली, पण बंधाऱ्यातली जुनी राख तिथेच. उन्हाळ्यात वारा सुटला की आजूबाजूच्या गावांना विचारा. बदली ६६० मेगावॅटचं गाजर किती वर्षं दाखवतायत, ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

सांगायचा मुद्दा असा, की केंद्र बंद केलं म्हणजे त्याचा त्रास बंद झाला असं नसतं. कोणी किती पैसे कधी बाजूला ठेवले, हे आधी विचारा.

जाता जाता: कोळशाच्या राखेतही अंशमात्र युरेनियम, थोरियम असतं. त्यावर कोणी मोर्चा काढत नाही.

मखमलाबादची_माई
काका, राखेचं खरं आहे. पण कोळशाचं पाप मोठं म्हणून अणूचं पुण्य ठरत नाही. दोन्हीकडे वेगवेगळं मोजा.

अंबड_फॅब्रिकेटर
पाइपलाइन का बदलावी लागते यावर लिहितो, कारण हा माझ्या रोजच्या धंद्यातला विषय निघाला. आम्ही स्टेनलेसच्या टाक्या बनवतो, दूध डेअरीच्या, दिंडोरी-विंचूरकडच्या वायनरींच्या. ३०४ ग्रेडचा पत्रा जोडला की वेल्डच्या दोन्ही कडांना निळसर सोनेरी पट्टा उमटतो. नवीन पोऱ्याला वाटतं छान दिसतंय. आम्ही तो पट्टा पिकलिंग पेस्ट लावून काढतो. पण उष्णतेनं जे नुकसान पत्र्याच्या आत होतं ते पेस्टनं निघत नाही. वेल्डशेजारचा भाग साधारण साडेचारशे ते साडेआठशे अंशांत राहिला, की पोलादातलं कार्बन तिथलं क्रोमियम ओढून घेतं. धातूच्या कणांच्या सीमेवर क्रोमियम कमी पडतं, आणि स्टेनलेसचं स्टेनलेसपण असतं ते क्रोमियममुळेच.

टाकीत दूध असेल तर दहा वर्षं काही होत नाही. पण आत अडीचशे अंशांच्या वरचं पाणी, त्यात विरघळलेला ऑक्सिजन आणि वेल्डिंगमुळे राहिलेला ताण, असं तिन्ही जमलं की सीमेसीमेनं केसासारखी चीर सरकते. वेल्डमध्ये नाही, वेल्डच्या शेजारी. त्या काळातल्या उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्यांना जगभर हाच रोग लागला. उपाय म्हणजे पाइप काढून ३१६ एलएन ग्रेडचा टाकायचा. कार्बन कमी, त्यानं गेलेली ताकद भरून काढायला नायट्रोजन.

आता पर्यावरणाचा संबंध कुठे? तर ऑर्डरच्या कागदावर. अणुकेंद्राच्या पोलादाला "कोबाल्ट अमुक टक्क्यांच्या आत" अशी अट असते. आमच्या डेअरीवाल्याला कोबाल्टशी देणंघेणं नाही. निकेलबरोबर थोडं कोबाल्ट येतंच, कोणी पाहतही नाही. अणुभट्टीत मात्र तेच सगळ्या त्रासाचं मूळ. का ते कोणी शिकलेल्या माणसानं सांगावं.

कॉलेजरोड_भौतिकी
शिकलेला आहे की नाही ते विद्यार्थ्यांना विचारा, पण सांगतो.

नैसर्गिक कोबाल्ट म्हणजे कोबाल्ट-५९, निरुपद्रवी. पाइपच्या आतून आणि झडपांच्या बैठकींवरून त्याचा सूक्ष्म कीस पाण्यात जातो. झडपांना घासून झिजू नये म्हणून स्टेलाइट नावाचा मिश्रधातू चढवलेला असतो, त्यात तर निम्म्याच्या आसपास कोबाल्टच. हा कीस पाण्याबरोबर गाभ्यातून, म्हणजे जिथे इंधन असतं तिथून, फिरतो, न्यूट्रॉन गिळतो आणि कोबाल्ट-६० होतो. मग पुढे जाऊन पाइपच्या आतल्या गंजाच्या थरात चिकटून बसतो. गॅमा किरण जबरदस्त. दुरुस्तीला गेलेल्या माणसाला किरणोत्साराचा जो डोस बसतो, त्यातला मोठा वाटा इंधनाचा नसतो, या चिकटलेल्या कोबाल्टचा असतो.

म्हणून जुन्या केंद्राचा भार कमी करायची सुरुवात इथून होते. झडपा बदलायची वेळ आली की कोबाल्ट नसलेला मिश्रधातू वापरायचा. पाण्यात अगदी थोडं जस्त सोडायचं, म्हणजे पाइपच्या थरात कोबाल्टला जागा मिळत नाही. ही युक्ती उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्यांत अनेक वर्षं वापरात आहे. आणि पाइप कापण्याआधी रसायनं फिरवून आतला थर धुऊन काढायचा.

शेवटच्या उपायात एक मेख आहे. धुतलेला कोबाल्ट नाहीसा होत नाही. तो पाणी गाळणाऱ्या आयन-विनिमय रेझिनच्या मण्यांत अडकतो आणि ते मणी कचरा होतात. सिमेंटमध्ये किंवा पॉलिमरमध्ये घट्ट बसवून पुरावे लागतात. फायदा एवढाच, की लांबलचक पाइपवर पसरलेलं विष थोड्या जागेत गोळा होतं, माणसाचा डोस उतरतो आणि काम लवकर उरकतं. माझ्या मते सौदा फायद्याचा आहे, पण त्याला "स्वच्छता" म्हणून मिरवू नये.

लासलगावचा_कांदा
थांबा थांबा, कोबाल्ट-६० म्हणजे तेच ना, आमच्या इथलं? लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्रानं 'कृषक' नावाचं विकिरण केंद्र उभारलं, २००२ च्या सुमारास. कांद्याला विकिरणाची ६० ते ९० ग्रे (ग्रे हे त्याचं माप) मात्रा दिली की कोंब फुटत नाही. २००७ मध्ये अमेरिकेला आंबा गेला तोही इथूनच विकिरण होऊन. माझ्या चाळीतल्या कांद्याला त्याचा लाभ झाला नाही ही गोष्ट वेगळी, कारण भाव पडला की कोंब फुटो न फुटो, रडायचंच आहे.

कॉलेजरोड_भौतिकी
तेच. फरक इतकाच, की ते मुद्दाम बनवतात. जड पाण्याच्या अणुभट्ट्यांत कोबाल्टच्या कांड्या ठेवून तयार करतात आणि पोलादी आवरणात बंद करून देतात. तुमच्याकडे ते नळीत बंद आहे, कुठे आहे आणि किती आहे हे माहीत आहे. जुन्या पाइपात ते सांडलेलं आहे.

अर्धायुष्य, म्हणजे निम्मा उरायला लागणारा काळ, ५.२७ वर्षं. पन्नास वर्षं थांबलात तर साडेनऊ अर्धायुष्यं जातात, उरतो साधारण सातशेवा भाग. जगात अनेक ठिकाणी केंद्र बंद केल्यावर लगेच तोडत नाहीत, इंधन काढून कुलूप लावून ठेवतात, त्याचं मोठं कारण हे.

मखमलाबादची_माई
म्हणजे नातवंडांच्या गळ्यात.

कॉलेजरोड_भौतिकी
माई, म्हणूनच दुसरा पंथही आहे. तो म्हणतो, ताबडतोब तोडा, कारण कुठला पाइप कुठे जातो, कुठल्या खोलीत कधी काय सांडलं होतं, हे माहीत असलेली माणसं अजून आहेत. पन्नास वर्षांनी कोबाल्ट गेलेला असेल, पण ती माणसंही गेलेली असतील. शिवाय सीझियम-१३७ चं अर्धायुष्य तीस वर्षं, निकेल-६३ चं शंभराच्या आसपास. त्यांना पन्नास वर्षांचं फारसं सोयरसुतक नाही. अमेरिकेत मेन यांकी नावाचं ९०० मेगावॅटचं केंद्र १९९७ मध्ये कायमचं बंद ठरलं आणि २००५ पर्यंत जमीनदोस्त करून जागा मोकळी केली. वापरलेलं इंधन मात्र अजून तिथेच, काँक्रीटच्या पिंपांत, पहाऱ्यात. न्यायला जागाच नाही.

मी विचाराल तर लवकर तोडण्याच्या बाजूचा आहे. निदान आपल्याकडे तरी. आपली दप्तरं कशी जपली जातात ते आपण जाणतो.

सामनगाव_नाका
शेवटच्या वाक्याला कडक सॅल्यूट. आमच्याकडे मूळ ड्रॉइंग शोधायला गेलं की वाळवी आधी भेटायची.

बोईसरकर_सध्या_नाशिक
मी बोईसरचा, आता पाथर्डी फाट्याला राहतो. लोक अणुकेंद्र म्हटलं की किरणोत्साराबद्दल विचारतात. आमच्या किनाऱ्यावर माणसं वेगळंच बोलतात.

एक, पाणी. अशा केंद्रात उष्णतेच्या तीन भागांतला साधारण एक भाग वीज होतो. उरलेले दोन भाग समुद्रात, कोमट पाण्याच्या रूपानं. समुद्राचं पाणी वापरणाऱ्या नव्या औष्णिक केंद्रांना तापमानातली वाढ ७ अंशांच्या आत ठेवायचं बंधन आहे. जुन्या संचांत कार्यक्षमता घटली, तर तेवढ्याच उष्णतेतून वीज कमी निघते, म्हणजे युनिटमागे समुद्राला ताप जास्त. हे उघड गणित कोणी मांडत नाही. उपाय आहेत: पाणी सोडायची जागा खोल आणि प्रवाहात न्यायची, कालवा लांब करायचा, आत ओढणाऱ्या पाण्याचा वेग कमी ठेवायचा, म्हणजे जाळीला मासळीची पिल्लं चिकटत नाहीत. पाइपात कालवं-शिंपले बसू नयेत म्हणून क्लोरीन सोडतात, ते सरसकट न सोडता मोजून, थांबून थांबून सोडायचं.

दोन, दोष कोणाचा. नवापूर-दांडीच्या बाजूला मासे मेले, की पाहुणे लगेच अणुकेंद्राकडे बोट दाखवतात. अहो, तिथे तारापूर एमआयडीसी आहे, रसायनांचे शेकडो कारखाने. ते प्रकरण हरित लवादापर्यंत गेलेलं आहे. दोन्ही पाणी एकाच किनाऱ्याला लागतं, त्यामुळे वेगळं मोजलं नाही तर दोघंही एकमेकांच्या आड लपतात.

तीन, पोफरण आणि अक्करपट्टी. ही गावं ३ आणि ४ नंबरच्या संचांसाठी उठली. समुद्रावर जगणारी माणसं समुद्रापासून लांब नेऊन बसवली. आता पन्नास वर्षांनी केंद्र मोडून जागा "मोकळी" करू म्हणाल, तेव्हा ती कोणासाठी मोकळी, हे आधी ठरवा.

आणि कचऱ्याचं एक छोटं, पण खरं काम सांगतो. मी तरुणपणी एका केंद्रात कंत्राटी कामाला होतो. नियंत्रित भागात जी वस्तू आत गेली, ती तपासल्याशिवाय बाहेर येत नाही. म्हणून नवीन पंपाचं लाकडी खोकं, थर्माकोल, प्लास्टिक, पुठ्ठा सगळं दाराबाहेरच उतरवून ठेवायचं आणि नुसता पंप आत न्यायचा. घाई असली की लोक खोक्यासकट आत ढकलायचे. मग ते खोकं संशयित कचरा. अंगातले कपडे धुतले तर धुण्याचं पाणीही वेगळ्या टाकीत, तपासून, गाळूनच सोडायचं. दुरुस्तीच्या बंदमध्ये कचऱ्याचा ढीग वाढतो तो असल्या किरकोळ गोष्टींनी. यंत्रापेक्षा शिस्तीचं काम जास्त आहे.

अंबड_फॅब्रिकेटर
खोक्याचं वाचून आवडलं. आमच्याकडे एक्स्पोर्टच्या वायनरीवाल्यानं हीच अट घातलेली, धुळीपायी.

सातपूरची_सीए
सामनगाव काकांनी पैशांचं विचारलं त्याला उत्तर. आपल्याकडे अणुविजेच्या प्रत्येक युनिटवर केंद्र मोडण्यासाठी २ पैसे आकार घेतात. हो, पैसे. १९९० च्या आसपास ठरलेला दर. कॅगनं २०१२ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळावर अहवाल दिला, त्यात यावर बोट ठेवलं होतं. मोडीसाठी स्वतंत्र कायद्याची चौकट नाही, केंद्रांचे आराखडे तयार नाहीत, असंही त्यात होतं.

आता गणित. १६० मेगावॅटचा संच वर्षभर ८० टक्के भारानं चालला तर ११२ कोटी युनिट होतात. गुणिले २ पैसे, सव्वादोन कोटी रुपये. दोन संचांचे साडेचार कोटी. तीस वर्षं एकही बंद न घेता चालले असं धरलं तरी १३५ कोटी, व्याज वेगळं. वर उल्लेख झालेल्या मेन यांकीला ५० कोटी डॉलरच्या वर खर्च आला. आपली मजुरी स्वस्त, संच लहान, सगळं मान्य. तरी हे अंतर मजुरीनं भरून निघणारं नाही.

आणि संच बंद असताना युनिट शून्य, म्हणजे निधीत भर शून्य. ज्या काळात केंद्र सर्वांत जास्त म्हातारं होतंय, त्याच काळात निधीत काही पडत नाही. ताळेबंदात असली तरतूद दाखवली असती तर मी सही केली नसती.

गंगापूररोडकर
सीए ताई, वाचनखूण साठवली. मग २ चे १० पैसे केले तर?

सातपूरची_सीए
ग्राहकाला जाणवणारही नाही. तारापूर १-२ ची वीज तशीही देशातल्या स्वस्तातल्या विजेपैकी. पण म्हाताऱ्या संचावर आता आकार वाढवून मागची तीस वर्षं भरून येत नाहीत. नव्या केंद्रांना पहिल्या दिवसापासून लावा, आणि जुन्यांसाठी सरकारनं सरळ अर्थसंकल्पात रक्कम दाखवावी. स्वस्त वीज वापरली ती आपण आणि गुजरातनं, बिल आपल्याच पिढीला येऊ दे.

पंचवटी_एक्सप्रेस
काश्मीर झालंच नाही. निराशा झाली. एक शंका, सगळं मोडून निघालेलं लोखंड जातं कुठे? आपल्या अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारात?

कॉलेजरोड_भौतिकी
विनोदात विचारलंत, पण प्रश्न कळीचा आहे. मोडीतून निघणाऱ्या काँक्रीट-लोखंडाचा मोठा भाग किरणोत्सारी नसतोच. कार्यालयं, टर्बाइनच्या इमारतीचा बराच भाग, पाणी आणणारे कालवे. ते मोजून, मर्यादेच्या खाली असल्याची नोंद करून मोकळं करता येतं. सगळंच पुरायचं म्हटलं तर तेवढ्यासाठी नवीन जमीन खराब करायची, नवीन लोखंड खणून काढायचं. स्वीडनमध्ये थोडं दूषित झालेलं पोलाद वितळवून लाद्या करतात. काही मूलद्रव्यं वितळताना वर येणाऱ्या मळीत जातात, कोबाल्ट मात्र धातूतच राहतो, म्हणून ती लादी किरणोत्सार ओसरेपर्यंत ठेवून द्यायची.

उरतं ते आपल्याकडे केंद्राच्या आवारातच दगडी किंवा आरसीसीच्या चरांमध्ये, आणि जास्त तीव्र असेल तर टाइल होल म्हणतात त्या उभ्या विहिरींमध्ये जातं. समुद्राकाठी भूजल वर असतं, तिथे या चरांची देखरेख केंद्रापेक्षा जास्त वर्षं चालणार आहे.

पण मोजणी चुकली तर काय होतं ते २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत दिसलं. ते कुठल्या अणुकेंद्रातलं नव्हतं. एका विद्यापीठानं वापरात नसलेलं गॅमा उपकरण लिलावात काढलं, भंगारवाल्यानं कोबाल्ट-६० च्या कांड्या फोडल्या, एक माणूस गेला.  

मखमलाबादची_माई
मी कट्टर विरोधक आहे आणि राहणार. तरी एक मान्य करते, की "आजच बंद करा" एवढं म्हणून माझं काम संपत नाही. राजस्थानात रावतभाट्याचा पहिला संच २००४ पासून बंद आहे. इंधन काढून घेतलंय. वीज देत नाही आणि मोडलाही जात नाही. आमच्या चळवळीतल्या किती जणांनी त्याबद्दल एक पत्र तरी लिहिलं? आम्ही नव्या प्रकल्पांवर मोर्चे काढतो.

आणि तारापूर १-२ च्या वापरलेल्या इंधनाचं काय? ते अमेरिकेशी केलेल्या कराराचं. मग त्यांनी इंधन द्यायचं थांबवलं, फ्रान्सनं दिलं, चीननं दिलं, रशियानं दिलं. वापरलेलं मात्र तारापूरलाच साठत राहिलं. समर्थकांनी याचं उत्तर द्यावं.

कॉलेजरोड_भौतिकी
उत्तर अर्धंच आहे, माई. आपलं धोरण वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करायचं, म्हणजे त्यातलं कामाचं वेगळं काढायचं. त्यातून उरलेलं तीव्र द्रव काचेत मुरवतात, तारापूरला त्याचा कारखाना आहे. तसल्याच द्रवातून सीझियम काढून, काचेच्या कांड्या करून रक्तपेढ्यांच्या विकिरणासाठी वापरायलाही सुरुवात झाली, हे चांगलं काम. पण या दोन संचांच्या इंधनाला कराराच्या अटी चिकटलेल्या होत्या, म्हणून ते पाण्याच्या तलावात राहिलं. तलावापेक्षा कोरड्या पिंपात ठेवणं बरं, कारण त्याला पंप लागत नाही, वीज लागत नाही. वय वाढलेल्या केंद्रात जे जे वीज गेल्यावरही आपोआप थंड राहील, ते आधी करावं.

बोईसरकर_सध्या_नाशिक
मागणी काय करायची ते ठरवा ना राव. माझ्याकडून तीन: समुद्राच्या पाण्याचं तापमान सोडण्याच्या तोंडाशी मोजून रोज जाहीर करा, मराठीत, घिवलीच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर. मोडीचा आराखडा लोकांपुढे ठेवा. आणि बंदच्या काळात कंत्राटी कामगाराला बसलेला डोस त्याच्या हातात लेखी द्या, तो पुढच्या ठेकेदाराकडे गेला तरी त्याच्याबरोबर जाईल असा.

सातपूरची_सीए
चौथी: २ पैशांच्या निधीत आज किती शिल्लक आहे, केंद्रवार.

गंगापूररोडकर
माहिती अधिकाराचा अर्ज मी लिहितो. सीए ताई, निधीचा प्रश्न तुम्हीच नेमक्या शब्दांत लिहून द्या, नाहीतर "माहिती उपलब्ध नाही" असं एका ओळीचं उत्तर येईल. बोईसरकर, तापमानाच्या नोंदी कोणाकडे असतात, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे की केंद्राच्या पर्यावरण प्रयोगशाळेकडे? दोन्हीकडे अर्ज टाकू.

बोईसरकर_सध्या_नाशिक
दोन्हीकडे टाका. एकजण दुसऱ्याकडे बोट दाखवेल तेव्हा दुसऱ्याचा अर्ज आधीच पोचलेला असेल.